गाडीच्या छताचं कापड लोंबतंय? कापड आणायच्या आधी हे तपासा

लक्षणं बहुधा याच क्रमाने दिसतात. आधी मागच्या काचेच्या वरच्या कडेला कापड सुटतं आणि आत बोट जाईल एवढी फट पडते. मग दिव्याभोवती किंवा सनरूफच्या चौकटीपाशी फुगा धरतो, आणि काचा खाली करून गाडी पळवली की तो फडफडतो. पुढच्या उन्हाळ्यात दोन-तीन फुगे एकत्र होतात. कापड मागे बसणाऱ्याच्या डोक्याला लागतं, आरशातून मागची काच अर्धीच दिसते आणि सीटवर, खांद्यावर तपकिरी भुकटी पडायला लागते. काही गाड्यांत कापड घट्ट असतं, पण त्यावर गडद कडेचे गोल डाग उमटलेले असतात आणि पावसाळ्यात आत कुबट वास येतो.

माझं काम गाडीच्या आतल्या भागाचं. सीट, डोअर पॅड, पिलरची (काचांमधल्या उभ्या खांबांची) कव्हरं आणि छत. छताच्या गाड्या मार्च ते मे या काळात आणि नंतर पहिल्या मोठ्या पावसानंतर जास्त येतात. मालक येतानाच सांगतात, "गोंद सुटलाय, तेवढा मारून द्या." गोंद सुटलेला असेल तर काम सोपं असतं. पण बहुतेक वेळा गोंद जागच्या जागी असतो आणि त्याच्या खालचा फोम मेलेला असतो. हा फरक कळला नाही तर जुन्या कापडावर पैसे खर्च होतात आणि ते पुन्हा खाली येतं. म्हणून पुढचा क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू केला आहे.

आत काय असतं

अँबॅसिडर, प्रीमियर पद्मिनीच्या काळात छत आडव्या तारांवर ताणलेलं असायचं. फाटायचं, पण लोंबायचं नाही. आताच्या गाड्यांत एक साच्यातून काढलेला बोर्ड असतो, त्यावर दोन-चार मिलिमीटरचा पॉलियुरेथेन फोम आणि फोमवर विणलेलं पातळ कापड. फोम आणि कापड कारखान्यातच एकमेकांना चिकटवलेलं येतं. उष्णता आणि दमटपणा या दोन्हींनी हा फोम वर्षानुवर्षं कुजत जातो: आधी चिकट होतो, मग कोरडा पडून भुकटी होतो. पत्रा डोक्यावर, फोम त्याच्या लगेच खाली. उन्हात उभ्या बंद गाडीत 60 अंशांच्या वर तापमान सहज जातं, म्हणून आधी छताचाच बळी जातो. मुंबई-कोकणात दमट हवा मदतीला येते, नागपूर-चंद्रपूरकडे निव्वळ ऊन पुरतं.

काही लहान गाड्यांत फोमच नसतो. दाबून केलेलं जाड, खरखरीत कापड थेट बोर्डाला चिकटवलेलं असतं. त्या गाड्यांत छत लोंबलं तर कारण बहुधा पाणी किंवा सुटलेल्या क्लिपा. तुमच्या गाडीत कुठला प्रकार आहे ते तळहात दाबून कळतं: दबून परत वर आलं तर फोम आहे.

पहिली तपासणी: ओल

सकाळी, गाडी उन्हात जायच्या आधी, छतावर चारही कोपऱ्यांत आणि मध्ये हात फिरवा. कुठे थंड, ओलसर लागतंय का? डाग आहेत का, आणि कुठे? हे आधी बघायचं, कारण गळक्या छताखाली नवीन कापड लावलं तर ते एका पावसाळ्याचं पाहुणं ठरतं.

डागाची जागा पुष्कळ सांगते. मागच्या बाजूला मध्यावर डाग असेल तर अँटेनाच्या बुडाचा रबर गेला आहे; तो बदलणं सगळ्यात स्वस्त काम. बाजूला, लांबट डाग असेल तर वरच्या रूफ रेलचे बोल्ट किंवा पत्र्याच्या सांध्यातला सीलंट बघा, त्यावरची पट्टी उचलून. पुढच्या कोपऱ्यांत डाग असतील आणि सनरूफ असेल तर निचऱ्याच्या नळ्या. सनरूफच्या काचेखालच्या पन्हाळीत पाणी येणारच, तशीच रचना असते. ते चार कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून पिलरमधून खाली जातं. आंब्याचा मोहर, वडा-पिंपळाची पानं, धूळ यांनी नळ्या तुंबतात आणि पन्हाळ भरली की पाणी बोर्डावर उतरतं.

सनरूफ उघडा, कोपऱ्यातल्या छिद्रापाशी कपभर पाणी हळू ओता आणि खाली बघा. पुढच्या नळ्यांचं पाणी बहुधा पुढच्या दाराच्या बिजागरीजवळ पडतं, मागच्यांचं मागच्या चाकाच्या किंवा बंपरच्या बाजूला. पडलं नाही किंवा थेंबथेंब पडलं तर नळी तुंबली आहे. गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी, टोक गोल करून, हलक्या हाताने आत सरकवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. नळी आत सांध्यावर निसटते आणि मग पाणी थेट पिलरमध्ये पडतं. ते दुरुस्त करायला अर्धी गाडी खोलावी लागते.

समोरच्या काचेच्या वरच्या कडेतून पाणी येत असेल तर इथेच थांबा. ती काच चिकटवलेली असते आणि ते काम काचवाल्याचंच. वरून सिलिकॉन फासून भागत नाही.

दुसरी: कडा आणि बीडिंग

दाराच्या चौकटीवरचा रबर, ज्याला आम्ही बीडिंग म्हणतो, तो छताच्या बोर्डाची आणि कापडाची कड दाबून धरतो. गाडी धुताना, सीट कव्हर घालताना, डॅशकॅमची वायर ओढताना तो निघतो आणि नीट बसवला जात नाही. कापड फक्त कडेला सुटलं असेल तर बीडिंग हाताने हळूच ओढून काढा, कापड मागे दुमडून बोर्डाच्या कडेवर घ्या आणि बीडिंग तळहाताने ठोकत परत बसवा. रबर आत पसरला असेल, पकड राहिली नसेल तर नवीन बीडिंग घ्या. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, किंवा तुमच्या गावातलं सुट्या भागांचं दुकान, मिळून जातं. जुना तुकडा सोबत न्या, कारण पकडीची जाडी गाडीगणिक वेगळी असते.

सगळं छतच, बोर्डासकट, खाली आल्यासारखं वाटत असेल तर हँडलं, सन व्हायजर आणि मागच्या क्लिपा बघा. बोर्ड त्यांच्यावरच टांगलेला असतो. मागच्या प्लास्टिकच्या क्लिपा एकदा काढल्या की बऱ्याचदा तुटतात. नव्या घ्या, जुन्यांवर चिकटपट्टी गुंडाळून बसवू नका. खड्ड्यातून गेलं की छत वाजत राहतं.

तिसरी: फोम जिवंत आहे का

ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची आणि पूर्ण फुकट. मागचं दार उघडा, वरचा बीडिंग हातभर सोडवा आणि कापडाची कड दोन बोटांत धरून नखाएवढी बोर्डापासून वेगळी करा. कापडाच्या आतल्या बाजूवरून अंगठा घासा. बोटाला काही लागलं नाही, फोम पिवळसर पण लवचीक राहिला, तर तो जिवंत आहे. अंगठ्यावर मसुराच्या पिठासारखी नारिंगी भुकटी आली, किंवा काकवीसारखा चिकट थर आला, तर फोम मेला. फुगा नसलेल्या जागी तळहात दाबून थोडा सरकवा. आत वाळू सरकल्यासारखा आवाज आला तर तिथलाही गेला आहे, फक्त अजून सुटलेला नाही.

मेलेल्या फोमवर कुठलाच गोंद टिकत नाही, कारण तो भुकटीला चिकटतो आणि भुकटी कशालाच चिकटलेली नसते. सिरिंजने आत गोंद सोडणं, स्प्रे मारणं, वाफेची इस्त्री फिरवणं, हे सगळे उपाय जिवंत फोमसाठी आहेत. मेलेल्या फोमवर त्यांनी कापडाला कडक डाग पडतात आणि तेच कापड पुढे काढताना बोर्डाचे टवके घेऊन येतं.

चौथी: छोटी जागा, छोटा उपाय

फोम जिवंत आहे, ओल नाही आणि फक्त वीतभर जागा सुटली आहे, तर चिकटवून बघायला हरकत नाही. कडेपासून कापड सोडवा आणि उष्णता सोसणारा, छतासाठीचा स्प्रे गोंद बोर्डावर आणि फोमवर, दोन्हीकडे पातळ मारा. डब्यावर लिहिली असेल तेवढी वाट बघा. बोटाला चिकट लागतं पण बोटावर येत नाही, ती वेळ. मग मधून कडेकडे हाताने दाबा. ओल्यावरच दाबलं तर गोंद कापडातून आरपार येतो आणि तो डाग कायमचा.

लाकडाचा पांढरा फेव्हिकॉल इथे वापरू नका. तो पाण्यातला गोंद आहे, दमट हवेत मऊ पडतो. साधा चपलेचा गोंदही नको. उन्हात तो सैल होतो आणि त्यातला द्रावक पातळ फोम खातो.

प्रवासाला निघायचंय आणि कापड डोळ्यांसमोर येतंय, अशा वेळी पिळाच्या पारदर्शक पिना मिळतात, त्या लावून वेळ निभावते. पण साध्या टाचण्या आणि स्टेपलर अजिबात नको, आणि पिळाच्या पिनासुद्धा दारांच्या वरच्या कडेला नको. कारण पुढच्याच भागात आहे.

छत काढायच्या आधी: कर्टन एअरबॅग

पिलरच्या कव्हरवर "एअरबॅग" किंवा "एसआरएस" असं कोरलेलं किंवा टॅग लावलेलं आहे का ते बघा. असेल तर दारांच्या वर, छताच्या कडेच्या मागे, एक लांब गुंडाळी केलेली पिशवी आहे. धडक बसली की ती छताची कड खाली वाकवून क्षणार्धात उघडते. तिथे पिना असतील तर त्या सुटून प्रवाशांच्या तोंडावर येऊ शकतात. तिथे कड बोर्डाऐवजी पत्र्याला चिकटवली असेल तर पिशवी नीट उघडणार नाही. पिलरच्या कव्हरच्या क्लिपासुद्धा खास असतात: काहींना छोटी दोरी असते, म्हणजे कव्हर उडून न जाता लटकून राहावं. या क्लिपा एकदा काढल्या की नव्याच घालायच्या.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. कर्टन एअरबॅग असलेल्या गाडीचं छत घरी काढू नका. बॅटरी सोडून थोडं थांबलं की झालं, असं ऐकून पिलर उघडणारे भेटतात. किती थांबायचं, कुठला कनेक्टर आधी काढायचा, हे गाडीगणिक वेगळं असतं आणि ते कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेप्रमाणेच करायचं. अशा गाडीत बोर्ड काढणं-बसवणं अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून किंवा एअरबॅगचं काम जाणणाऱ्या माणसाकडून करून घ्या आणि कापड लावायचं काम कुशनवाल्याला द्या. दोन ठिकाणी जावं लागतं, पण हीच पद्धत बरोबर.

एअरबॅग नसली तरी आणखी एक थांबा आहे. बी पिलरचं, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दारामधल्या खांबाचं, कव्हर काढायला काही गाड्यांत सीट बेल्टचा वरचा बोल्ट सोडावा लागतो. तो ठरलेल्या जोराने, टॉर्कच्या पान्यानेच आवळायचा असतो. तो पाना नसेल तर हा बोल्ट मेकॅनिककडून आवळून घ्या.

कापड निवडताना

इथे लोक रंग बघतात आणि बाकी सगळं विसरतात. रंग शेवटी बघा.

आधी फोम. तीन मिलिमीटरच्या आसपासचा घ्या. त्याहून पातळ असला तर बोर्डावरचे खड्डे, जुन्या गोंदाच्या रेषा वर दिसतात. पाचच्या वर गेला तर सन व्हायजर, हँडलं नीट बसत नाहीत आणि खोलगट वळणांत कापड ताणून वर उचलतं.

मग चिकट. दुकानदाराकडे रोलच्या टोकाचा तुकडा मागा आणि कोपऱ्यावर नखाने फोम आणि कापड वेगळं करायचा प्रयत्न करा. चांगल्या मालात फोम फाटतो, तुकडे कापडाला चिकटून राहतात. फोम सबंध पापुद्र्यासारखा निघून आला तर तो माल घेऊ नका. आज तुमच्या नखाने निघतो तो मे महिन्यात उन्हाने निघेल.

मग ताण. कापड लांबीला ओढा, रुंदीला ओढा, दोन्हीकडे थोडं ताणलं जाऊन परत यायला हवं. दिव्याची खोबण, सनरूफची चौकट, मागची वळणं यांत न ताणणारं कापड बसत नाही. तिथे ते हवेत राहतं आणि फुगा तिथूनच सुरू होतो.

पडद्याचं किंवा सोफ्याचं कापड वेगळ्या फोमवर चिकटवून देणारे आहेत. स्वस्त पडतं, पण गोंदाचे दोन थर होतात आणि सुटायच्या दोन जागा तयार होतात. रेक्झिन पुसायला सोपं खरं, पण जड असतं, फारसं ताणत नाही आणि केबिनमध्ये आवाज घुमतो. जुन्या तारांच्या छतासाठी ते योग्य, बोर्डाच्या छतासाठी नाही. काळं सुएड सध्या पुष्कळ मागतात. दिसायला देखणं आहे, पण त्यात लव असते: छत, पिलर आणि व्हायजर यांची लव एकाच दिशेला नसेल तर उन्हात दोन वेगळे रंग दिसतात. कापायच्या आधी प्रत्येक तुकड्यामागे खडूने बाण काढून घ्यायला सांगा. रोजच्या वापरातल्या, उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला मी फिकट राखाडी किंवा बेज विणलेलं कापडच सुचवतो. आत उजेड राहतो आणि सर्व्हिस सेंटरला दाखवतानाही ते मूळचंच वाटतं.

आगीबद्दल जरूर विचारा. गाडीच्या आतल्या साहित्याच्या ज्वलनशीलतेसाठी आयएस 15061 हे भारतीय मानक आहे. वाहनांसाठी म्हणून बनवलेला रोल घ्या, घरगुती सजावटीचा नको. डोक्यावरचं कापड पेटलं तर खाली वितळून पडतं.

माप घेताना टेप बोर्डाच्या वळणांना चिकटवून फिरवा, सरळ ताणून नाही. मग प्रत्येक बाजूला चार इंच जास्त धरा. पन्हा बहुधा 54 ते 60 इंच असतो, साध्या हॅचबॅकच्या रुंदीला पुरतो. पिलरची कव्हरंही करायची असतील तर त्यांचं कापड त्याच रोलमधून, त्याच वेळी घ्या. नंतर आणलेला रंग जुळत नाही.

स्वतः करायचं असेल तर

एअरबॅग नाही, सनरूफ नाही, हॅचबॅक आहे आणि मदतीला माणूस आहे, तर हे घरी होतं. दिवा, व्हायजर, हँडलं, बीडिंग, पिलरची कव्हरं या क्रमाने काढा. प्रत्येकाचे स्क्रू वेगळ्या पुडीत, नाव लिहून ठेवा. बोर्ड सुटला की दोघांनी धरून मागच्या दारातून काढा. त्याला वाकवू नका. मध्ये मोडलेला बोर्ड नव्या कापडाखालीही दिसतो. वर चिकटवलेल्या वायरी कुठून गेल्यात त्याचे फोटो काढा.

कापड सोलून काढा आणि मेलेला फोम कोरड्या नायलॉन ब्रशने घासा. हे काम उघड्यावर, एन95 मास्क आणि चष्मा लावूनच. भुकटी घशात जाते, आणि बोर्डात काचेचे तंतू असतील तर कातडीला खाज सुटते. तारेचा ब्रश बोर्ड खरवडतो. पाणी लावलं तर बोर्ड फुगतो. हात फिरवल्यावर बोटाला काही लागेनासं होईपर्यंत घासा. या कामात सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि जायलाच हवा, कारण उरलेल्या भुकटीवर लावलेलं नवीन कापडही जुन्याच कारणाने सुटतं.

कापड बोर्डावर पसरून अर्धं मागे दुमडा. उघड्या अर्ध्या बोर्डावर आणि कापडाच्या अर्ध्या भागावर गोंद मारा, थांबा, मग मधून कडेकडे बसवत जा. खोलगट जागा आधी बोटांनी, सपाट भाग नंतर तळहाताने. मग दुसरं अर्धं. कडा बोर्डामागे दुमडून चिकटवा. दिव्याच्या आणि हँडलांच्या छिद्रांवर फुलीसारखा छेद द्या, पूर्ण गोल कापू नका. रात्रभर सपाट ठेवून दुसऱ्या दिवशी बसवा.

कारागिराकडे द्यायचं तेव्हा

कर्टन एअरबॅग किंवा सनरूफ असेल, बोर्ड मोडला किंवा पाण्याने मऊ पडला असेल, गळतीचं मूळ सापडत नसेल, किंवा डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा आधीपासून पेटत असेल, तर स्वतः हात लावू नका. जुनी गाडी नुकतीच घेतली असेल आणि पिलरच्या कव्हरमागे बारीक गाळाची रेघ दिसली, सीटच्या बोल्टांना गंज दिसला, तर ती पुरातून निघालेली असू शकते. चिपळूणला 2021 च्या जुलैत किती गाड्या पाण्याखाली गेल्या हे कोकणात सगळ्यांनी पाहिलं आहे. अशा गाडीत छत नंतर, आधी एअरबॅगची आणि वायरिंगची तपासणी.

काम देताना एवढंच विचारा: बोर्ड गाडीबाहेर काढणार ना? जुना फोम पूर्ण घासणार ना? कुठला गोंद? बोर्ड न काढता, गाडीतच कापडावर कापड चढवून देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा.

गाडी ताब्यात घेताना चावी फिरवून एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांत विझतो का ते बघा. विझला नाही तर गाडी नेऊ नका. आतला दिवा, मागचा कॅमेरा, सनरूफ, सगळं एकदा चालवून घ्या. पहिले दोन दिवस काचा बोटभर उघड्या ठेवा, गोंदाचा वास निघून जाईल. पहिल्याच आठवड्यात एखाद्या खोलगट वळणात लहानसा फुगा आला तर लगेच परत दाखवा. तेवढी जागा सोडवून पुन्हा चिकटवता येते. आणि नंतर कधी गाडी आतून धुवायला दिलीत तर छताला फेस आणि पाणी लावू देऊ नका, ओलसर पिळलेल्या फडक्याने वरवर पुसलेलं पुरतं.